हट्ट पुरवायचा, जिद्द बाळगायची

दहावीचा निकाल लागला की आमच्या पुरवणीत आठवडाभर एकच शब्द राबतो : जिद्द. 'जिद्दीला सलाम', 'परिस्थितीवर जिद्दीनं मात', 'जिद्द, चिकाटी आणि मेहनत'. ह्या मजकुरावर हात फिरवणं हे उपसंपादक म्हणून माझं काम. यंदा मी मनाशी ठरवलं की निदान शीर्षकात तरी हा शब्द येऊ द्यायचा नाही. साताऱ्याला आत्याकडे गेले असताना हे सहज बोलून गेले आणि अडकले. आत्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमधून मराठी शिकवून निवृत्त झालेली. एखाद्या शब्दाला कुणी हात लावला की ती चष्मा काढून बोलायला लागते.

आत्या : काढून टाकलास म्हणजे? त्या शब्दानं तुझं काय घोडं मारलंय?

मी : आमच्याकडे येणारा मजकूर कसा असतो ते सांगते. मुलगी डोंगरातल्या वाडीवर राहते. शाळेसाठी रोज दोन तास पायपीट. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडते. घरात वीज कधी असते, कधी नसते. तरी तिला चांगले मार्क पडतात. आणि वर शीर्षक, 'जिद्दीनं सर केला डोंगर'. आता ह्यात बातमी कुठली? ओढ्यावर साकव नाही, ही बातमी. जिद्द म्हटलं की साकव कुणी बांधायचा हा प्रश्नच मिटतो. मुलीचा सत्कार होतो आणि ज्यांनी साकव बांधायचा तेच सत्काराला पाहुणे म्हणून येतात.

आत्या : मग साकवाची बातमी लिही की! कुणी हात धरलेत? पण त्या मुलीनं सगळा पावसाळा ओढा ओलांडला, तो काय तुझ्या बातमीला पुरावा पाहिजे म्हणून? तिनं काहीतरी केलंय. त्याला नाव नको?

मी : नाव तिनं कुठे दिलंय पण? मुलं मुलाखतीत काय सांगतात माहीत आहे? 'बाईंनी मदत केली.' 'मामाकडे राहिलो.' 'गणिताचा पेपर सोपा होता.' जिद्द हा शब्द बातमीदार घालतो.

आत्या : चांगलंच आहे की मग. 'मी फार जिद्दी आहे' असं स्वतःच सांगत सुटणारा माणूस मला तरी नोकरीच्या अर्जातच भेटलाय.

मी : शिवाय शब्दाचं मूळ बघ. अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेला शब्द. अरबीत त्याचा अर्थ 'उलट', 'विरुद्ध'. हिंदीत आजही पोर खेळण्यासाठी भर बाजारात लोळलं की ते 'ज़िद' करतं. म्हणजे आपला साधा हट्ट.

आत्या : मग काय झालं? आपण शब्द घेतला, त्याची खोड घेतली नाही. हट्टाची जागा मराठीत आधीच भरलेली होती. राजहट्ट, स्त्रीहट्ट, बालहट्ट असे तीन-तीन हट्ट मांडून ठेवलेले.

मी : त्या तिनांत साधा पुरुष कुठे आहे गं? राजा आहे, बाई आहे, पोर आहे. पुरुषाला हट्ट नसतोच. त्याचा बाणा असतो, टेक असते, जिद्द असते.

आत्या : बोलून घेतलंस? आता क्रियापदांकडे बघ. हट्ट करतात, हट्ट धरतात, आणि मुख्य म्हणजे हट्ट पुरवतात. पुरवायला दुसरं कुणीतरी लागतं. आई, आजोबा, दशरथ. जिद्द कुणी कुणाची पुरवल्याचं ऐकलंयस? ती बाळगावी लागते. हट्ट दुसऱ्याकडे मागतो, जिद्द स्वतःकडून वसूल करते. मी वर्गात असंच शिकवायचे.

(व्याख्या बांधेसूद आहे हे कबूल. मला ती आवडली, म्हणूनच तिच्यात खोट शोधावीशी वाटली.)

मी : पण पेटायला दोन्ही लागतात. 'हट्टाला पेटला', 'जिद्दीला पेटला'. आणि जिद्दीला पेटलेल्याच्या समोर कुणीतरी असतोच. भावकीतला नाहीतर शेजारच्या गावचा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन चुलतभाऊ जिद्दीला पेटतात आणि रानं विकून बसतात, त्यात कसली आलीय निष्ठा? तुझी ती अरबी खोड अजून गेलेली नाही.

आत्या : ती खोड मला हवीच आहे. नुसता ध्यास घेतलेला माणूस डोळे मिटून बसू शकतो. श्रवण, मनन, निदिध्यासन. ध्यास त्या घराण्यातला. बैठा शब्द आहे तो. जिद्दीला मात्र समोर 'नाही' म्हणणारा कुणीतरी लागतो. अण्णा कर्व्यांचं घे.

(साताऱ्यात नुसतं 'अण्णा' म्हटलं की ते 'रयत'चे कर्मवीर भाऊराव पाटीलच. म्हणून आत्या आडनाव जोडते.)

आत्या : 1875 साल. धोंडो केशव कर्वे हा मुरूडचा, दापोलीकडचा मुलगा. त्याला सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यायची होती. कुठे, तर आमच्या साताऱ्याला. पावसापाण्यात, सह्याद्री चढून, सोबत्यांबरोबर शंभराहून जास्त मैल चालत आला. परीक्षेला सतरा वर्षं पुरी झालेली हवीत, ती झालेली होती. पण अंगानं किरकोळ. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं तोंडाकडे बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. झालं. आला तसा परत. पण पुढे ती परीक्षा दिलीच त्यानं. दरवर्षी हे सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची.

मी : अगं, ही तर तू माझीच बातमी सांगितलीस. परीक्षेचं केंद्र शंभर मैलांवर, आणि वय ठरवायची रीत काय, तर तोंड बघणं!

आत्या : त्या साहेबाचं नाव तुला ठाऊक आहे?

मी : नाही.

आत्या : बघ.

मी : काय बघ? नाव राहिलं नाही म्हणून तो हरला होय? अशा साहेबांनी किती जणांना परत पाठवलं असेल. त्यातले किती जण पुन्हा परीक्षेच्या वाटेला गेलेच नसतील. त्यांची आत्मचरित्रं नाहीत. हा एक 104 वर्षं जगला, बायकांसाठी विद्यापीठ काढलं, महर्षी झाला, 1958 मध्ये भारतरत्न झाला. म्हणून त्या पायपिटीला आज आपण जिद्द म्हणतो. तोच मुलगा परत जाऊन मुरूडमध्ये कुणाच्या दुकानात हिशेब लिहीत बसला असता, तर घरचे काय म्हणाले असते? 'सांगत होतो जाऊ नकोस. ऐकलं नाहीस. हट्टी मेला.' चालणं तेच, पाऊस तोच. जिद्द हा शब्द निकालानंतर मिळतो, आत्या. तोवर तो हट्टच असतो.

आत्या : बरं. मग ह्याच घरातला दुसरा घेऊ. अण्णांचा थोरला मुलगा रघुनाथ. त्याचा निकाल कधी लागला सांग. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं! अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात तर वकील म्हणून खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा चुकली नाही. हा हरलेलाच माणूस की नाही? आणि अमोल पालेकरांनी त्याच्यावर सिनेमा काढला, त्याचं नाव काय ठेवलं? 'ध्यासपर्व'. म्हणजे हरलेल्याच्या पदरातही आपण चांगला शब्द घालतो.

मी : तो सिनेमा 2001 मधला. माणूस जाऊन पन्नास वर्षं होत आली तेव्हा. मध्ये काय झालं? कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला, लाल त्रिकोण आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर आला. म्हणजे निकाल लागलाच ना त्याच्या बाजूनं? जरा उशिरा लागला एवढंच. हयातीत त्याला विक्षिप्त म्हणत होते, हेकट म्हणत होते, आणखीही काय काय म्हणत होते.

आत्या : शब्द उशिरा आला म्हणून गोष्टही उशिरा घडली असं होत नाही. मासिक दर महिन्याला निघत होतं. ते काढणाऱ्याला पुढे सिनेमा येणार आहे, लाल त्रिकोण येणार आहे, हे कुठे माहीत होतं? ते माहीत नसताना जे चाललं होतं त्याला काय म्हणायचं, एवढंच मी विचारतेय.

मी : नेम म्हणावं. खरं सांगू? मला तो शब्द जास्त सरळ वाटतो. वारकरी आषाढीला चालत जातो. त्यात पास-नापास नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही, पेपरात शीर्षक नाही. गेल्या वर्षी गेला, ह्या वर्षी जाणार. नेम आहे म्हणून. कळस दिसला तरी हात जोडून माघारी फिरतो.

आत्या : नेमाचं मला नको सांगूस. माझ्या सासूबाई माळकरी होत्या. पण नेम कुणाचा चालतो? ज्याची वाट मोकळी आहे त्याचा. पंढरपूरला शेकडो वर्षं नेमानं चालत येणारे, पण अस्पृश्य ठरवलेले काही जण देवळाच्या बाहेरच थांबत होते. त्यांच्या नेमात काय कमी होतं? दार त्यानं उघडलं नाही. मे 1947 मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा उघडलं. आणि त्या उपोषणाला त्या वेळी लोक काय म्हणाले असतील? हट्टच म्हणाले असतील. काही जण तर दुराग्रहच म्हणाले असतील.

मी : मग आता तू हट्टाची बाजू घेतेयस. मघाशी तर हट्ट दुसऱ्याकडे मागतो म्हणून खालचा होता.

आत्या : गुरुजी स्वतःसाठी मागत नव्हते. आणि असंही बघ, काही गोष्टी दुसऱ्याकडे मागितल्याशिवाय मिळतच नाहीत. दार त्यांच्या हातात होतं. तुझा साकवसुद्धा मागावाच लागणार आहे. दर ग्रामसभेत उठून एकच प्रश्न विचारणारी एखादी बाई असेल बघ त्या वाडीवर. तिला काय म्हणतात विचार.

(काय म्हणतात ते विचारायची गरज नाही. कटकटी म्हणतात.)

मी : तुझ्या व्याख्येच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येते. जिद्द स्वतःकडून वसूल करते म्हणालीस. हे अण्णा कर्व्यांच्या पत्नीला, बाया कर्व्यांना विचारलं असतं तर? त्यांचं 'माझे पुराण' तू वाचलं असशीलच. अण्णा प्राध्यापक. पगारातला मोठा वाटा आश्रमाला. आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे. घरात लहान मुलं. त्यावरून घरात वाद झाले, होणारच. उद्या ह्यांचं काही बरंवाईट झालं तर मी आणि मुलांनी काय करायचं, असं बाईनं विचारलं तर तो काय हट्ट? इरावतीबाई ह्या घरच्या सूनबाई. त्यांनी सासऱ्यांवर जीव लावून लिहिलंय, आणि त्यातच म्हटलंय की अशा माणसाची सून व्हायला मिळालं हे भाग्य, पण बायको व्हावं लागलं नाही हे त्याहून मोठं भाग्य. ह्या एका वाक्यापुढे तुझी सगळी क्रियापदं फिकी पडतात. जिद्द एकाची, वसुली सगळ्या घराकडून. आणि आम्ही मृत्युलेखात काय छापतो? 'पत्नीची खंबीर साथ लाभली.' हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा येतं की मी ते डोळे मिटून दुरुस्त करू शकते.

आत्या : आमच्या संस्थेचं मीच सांगते की. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात अन्न पडावं म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला. शेवटी मंगळसूत्रही गेलं. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची आणि त्यांचं करणारी ही बाई सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेली. 1930 मध्ये गेली बिचारी. संस्थेचा मोठा पसारा तिनं बघितलाच नाही. हे शिकवून झाल्यावर मी मुलींना लिहायला सांगायचे, लक्ष्मीबाईंचा कोणता गुण दिसतो? सगळ्यांच्या वह्यांत एकच उत्तर : 'त्याग.' एखादी 'माया' लिहायची. जिद्द असं एकीनंही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी एक मार्क जास्त दिला असता.

मी : हेच तर मी म्हणतेय!

आत्या : हे नाही म्हणत आहेस. तू बाया कर्व्यांना दीन करून टाकतेयस. त्या बाईनं काय काय केलं ते मोज. बालविधवा. मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गेली. 1893 मध्ये पुनर्विवाह केला. मुरूडनं दोघांना वाळीत टाकलं. पुढे ह्याच आश्रमासाठी ती स्वतः वर्गणी मागत फिरली. पॉलिसीवरून नवऱ्याशी भांडणारी आणि त्याच आश्रमासाठी लोकांच्या दारात उभी राहणारी बाई एकच आहे गं. वर पुन्हा बसून स्वतःचं पुराण लिहिलं, आणि त्याला नावही पुराण दिलं, चरित्र नाही. तिच्या नावावर तू नुसता खर्च मांडलास, तर तूही तिला 'साथ'च म्हणतेयस. वेगळ्या तोंडानं, इतकंच.

(ह्यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं, बायांना निवड करायला वाव किती होता, हा प्रश्न उरतोच. पण 'वेगळ्या तोंडानं' हे मला लागलं, आणि ते बरोबर ठिकाणी लागलं असं आजही वाटतं.)

मी : बरं, खर्चाचं राहू दे. एक सांग. हट्ट सोड म्हणतात. हेका सोड, नाद सोड म्हणतात. 'जिद्द सोड' असं कधी ऐकलंयस? 'जिद्द सोडू नकोस', असं कायम नकाराच्याच वाक्यात. ह्या शब्दातून उतरायला पायरीच नाही.

आत्या : आहेत की शब्द. माघार घेतली, कच खाल्ली, हात टेकले, उमेद हरला.

मी : ह्यातला एक तरी मानाचा आहे का? विचार करून थांबलेल्या माणसाला आपल्याकडे शब्दच नाही. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत जाऊन बघ. गल्लोगल्ली अभ्यासिका. एका खोलीत चौघं-पाचजण, दोन वेळची मेस, अभ्यासिकेची महिन्याची फी. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. खुल्या प्रवर्गाला वयाच्या 38 पर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना 43 पर्यंत. म्हणजे शासनानं दिलेली मुदतच माणसाच्या अर्ध्या उमेदीएवढी. आणि त्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलं काय असतं? जिद्द. व्याख्यानाला येतो तो पास झालेला असतो. सात वेळा बसून शेवटी गावाकडे जाऊन दुधाचा धंदा नीट चालवणाऱ्याला कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

आत्या : माझेच किती तरी आहेत तिथे. गुरुपौर्णिमेला फोन येतात. 'बाई, यंदा पूर्व निघाली.' 'बाई, मुख्यला थोडक्यात राहिलं.' आवाजावरून कळतं कितवं वर्ष आहे ते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पोरं मोठ्यानं बोलतात.

मी : मग तू काय सांगतेस त्यांना? जिद्द सोडू नकोस?

आत्या : मी त्यांना एकच विचारते. मेसचे पैसे कोण पाठवतं?

मी : मग?

आत्या : बहुतेक जण म्हणतात, दादा. थोरला भाऊ. बारावीनंतर शाळा सोडून रान बघणारा, नाहीतर एमआयडीसीत कंत्राटावर लागलेला. मी म्हणते, मला फोन केलास तसा त्याला कर. पैशासाठी नको करूस. यंदा पाठवशील का, पुढच्या वर्षी पाठवशील का, तुझं लग्न कशापायी लांबलंय, हे सगळं त्याच्या तोंडून ऐक. तुझी जिद्द तुझी एकट्याची नाही, त्यात त्याची भागी आहे. भागीदाराला विचारल्याशिवाय धंदा चालू ठेवायचा नाही आणि बंदही करायचा नाही.

मी : आणि तो हो म्हणाला तर?

आत्या : तर बसावं खुशाल. पण मग पोरगा पास झाला की फोटो दोघांचा यायला पाहिजे. भावाच्या फोटोखाली 'साथ' लिहायचं नाही.

मी : आणि तो नाही म्हणाला तर?

आत्या : तो नाही म्हणत नाही गं. तीच तर पंचाईत आहे.